तांदूळ तुमचा, सुशी आमची

१९४७ च्या जुलै महिन्यात जपान सरकारनं एक हुकूम काढला आणि देशभरातली हॉटेलं, खानावळी बंद करून टाकल्या. वगळलं फक्त तिघांना. प्रवाशांची लॉजिंग, चहा-कॉफीची दुकानं आणि कुपनावर जेवण देणाऱ्या खानावळी. बाकी सगळ्यांनी चुली विझवायच्या. मग ते नूडल्सचं दुकान असो, तळलेल्या माशांचं असो, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावरचं सुशीचं. कारण एकच. देशात तांदूळ नव्हता.

मंडळी, सुशी म्हटलं की आता लोक नाक मुरडत नाहीत. पुण्या-मुंबईत मॉलमध्ये मिळते. आमच्या तालुक्याच्या गावाला अजून पोचलेली नाही, पण मोमो पोचले तशी तीही पोचेल. तिच्यावर लिहिलेलं आपण जे वाचतो ते बहुतेक चवीबद्दल, नाहीतर बिलाबद्दल असतं. मला त्यात फार गती नाही. मला रस आहे तो टोकियोतल्या गल्लीबोळातल्या साध्या सुशीच्या दुकानात. जपानीत त्याला ‘माची नो सुशीया’ म्हणतात, म्हणजे आपल्या वस्तीतलं सुशीचं दुकान. या दुकानाला दोनशे वर्षांत सरकारनं, भूकंपानं, युद्धानं आणि शेवटी बाजारानं कसं कसं वाकवलं, तो इतिहास वाचताना मला सारखा आपल्याकडच्या छोट्या धंदेवाल्यांचा चेहरा दिसतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

थोडं मागे जाऊ.

मूळची सुशी म्हणजे मासे टिकवायची रीत. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणानं मासा टिकतो. खायचा तो मासा, आणि चिखल झालेला भात फेकून द्यायचा. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखातून ही रीत जपानात गेली असं मानतात. बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ नावानं ती अजून चालू आहे. वास असा की पाहुणा दारातूनच परत फिरावा. पण आपल्याकडं सुकटीच्या वासाला नावं ठेवणारा माणूस नंतर त्याच चटणीवर भाकरी ओढतो, तसलंच ते.

पुढं लोकांना महिनोन्‌महिने थांबायचा कंटाळा आला. भातात व्हिनेगर घालून आंबटपणा आयता आणायला सुरुवात झाली, आणि भात फेकायचा बंद झाला. इथं एका माणसाचं नाव घ्यायला पाहिजे. नागोयाजवळच्या हांदा गावचा साके गाळणारा व्यापारी, नाकानो माताझाएमोन. साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून त्यानं १८०४ मध्ये व्हिनेगर करायला घेतलं. चोथा म्हणजे जवळजवळ फुकटचा माल. ते लालसर व्हिनेगर जहाजानं एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जायचं. तिथल्या सुशीवाल्यांना ते स्वस्तात मिळालं आणि भाताला त्याची चवही मानवली. त्याची कंपनी आजही आहे, मिझकान नावानं. इतिहास लिहिणारे आचाऱ्यांची नावं लिहितात. माल पुरवणाऱ्याचं नाव क्वचित येतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या काळातलं एदो म्हणजे दहा लाखांच्या घरातलं शहर. त्यात गावाकडनं आलेले एकटे पुरुष भरपूर. सुतार, गवंडी, हमाल, कारागीर. घरं लाकूड-कागदाची, सारख्या आगी लागायच्या, सारखी बांधकामं निघायची, म्हणून हाताला कामही सारखं. या माणसांना उभ्या उभ्या, झटपट आणि स्वस्त काहीतरी खायला हवं होतं. रस्त्यावर गाडे लागले. नूडल्सचे, तळणाचे, सुशीचे. सुमिदा नदीकाठच्या र्‍योगोकु भागात हानाया योहेई नावाच्या माणसानं १८२० च्या दशकात दुकान टाकलं आणि निगिरी सुशी लोकप्रिय केली. शोध त्याचाच की आणखी कुणाचा, यावर तिकडचे लोक वाद घालतात, पण नाव त्याचंच राहिलंय. निगिरी म्हणजे मुठीत दाबलेला. आपल्याकडं मूठ वळून मुटके करतात ना, तसाच आंबट भाताचा लहानसा मुटका आणि त्यावर माशाचा काप. आंबवणं नाही, दाबून ठेवणं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना करायचं आणि हातात द्यायचं.

भाव? त्या काळच्या चालीरीतींची बारीक नोंद करून ठेवणारा कितागावा मोरिसादा नावाचा एक माणूस होता. तो लिहितो की एकेक नग साधारण ८ मोन, अंड्याची वळी १६ मोन. नूडल्सचा एक वाडगा तेव्हा १६ मोनला मिळायचा. म्हणजे दोन सुशी बरोबर एक वाडगा. त्यात नग आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा, दोन खाल्ले की गडी कामाला मोकळा. प्रत्येक पेठेत एक-दोन सुशीची दुकानं आहेत, नूडल्सवाल्यांपेक्षाही जास्त, असंही त्यानं नोंदवलंय.

आज ज्या मासळीसाठी लोक हजारो रुपये मोजतात, त्या टुनाला तेव्हा किंमत नव्हती. त्याचा चरबीवाला भाग तर लवकर नासतो म्हणून टाकूनच द्यायचे. मांजरसुद्धा ओलांडून जाईल अशी त्याची ख्याती. बाकीचा भाग सोया सॉसमध्ये बुडवून ठेवायचे, म्हणजे टिकेल. इतर मासे व्हिनेगरमध्ये मुरवायचे नाहीतर शिजवून घ्यायचे. बर्फ नव्हता, फ्रिज नव्हता. ‘कच्चा मासा’ ही सुशीची जी ओळख आपण धरून बसलोय ती पुष्कळ नंतरची.

सरकारची नजर मात्र तेव्हापासून आहे. १८४१ ते ४३ या काळात मिझुनो तादाकुनी नावाच्या प्रधानानं काटकसरीची मोहीम काढली. लोक चैन करतात, म्हणून राज्य बुडतंय, असं त्याचं निदान. रेशमी कपडे नकोत, नाटकं नकोत, महागडं खाणं नको. सुशीवाल्यांतल्या काहींनी तोवर भाव चढवले होते, चांदी देऊन खाणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडं होती. दोनशेच्या वर सुशीवाल्यांना धरलं आणि हातात बेड्या घालून बसवलं. त्यात योहेईही होता. मोहीम दोन वर्षांत आपटली, प्रधान पायउतार झाला, सुशी परत सुरू झाली. खजिन्याला भोक पडलेलं कुठं आणि बेड्या कुणाला, हे कोडं काही फक्त जपानचं नाही.

मधली ऐंशी वर्षं मी भरकन ओलांडतो. एदोचं टोकियो झालं, बर्फ आला, गाडे आणि दुकानं दोन्ही चालत राहिली. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला. घरोघर चुली पेटलेल्या होत्या, त्यामुळं आगी लागल्या. टोकियो-योकोहामात लाखाच्या वर माणसं गेली. दुकानं गेली, मासळीबाजार जळाला. हाताखाली शिकलेले कारागीर आपापल्या गावी परतले आणि पोटासाठी तिथं त्यांनी एदोच्या पद्धतीचे मुटके वळायला सुरुवात केली. टोकियोची सुशी देशभर पसरायला लागली ती इथून. नदीकाठचा निहोनबाशीचा जुना मासळीबाजार पुढं त्सुकिजीला गेला, १९३५ मध्ये तिथं रीतसर बाजार उघडला.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, म्हणजे तांदळावर.

जपानला स्वतःचा तांदूळ पुरत नव्हता. तो कोरिया आणि तैवानातून यायचा, दोन्ही त्यांच्या ताब्यातले मुलूख. १९४१ च्या एप्रिलपासून मोठ्या शहरांत तांदूळ रेशनवर आला. मोठ्या माणसाला दिवसाला २ गो ३ शाकु, म्हणजे ३३० ग्रॅम. गो हे त्यांचं माप, आपल्याकडं चिपटं-मापटं होतं तसलं. एका गोत साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो.

इथं आपलाही एक धागा आहे. मुंबईला तेव्हा ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनमध्ये घुसल्या आणि तो तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात जे रेशनिंग होतं, रांगा होत्या, लाल मिलो नव्हे त्याच्याही आधीचं, ते या युद्धातलं. ज्यांनी दुसऱ्यांचा तांदूळ तोडला त्यांच्यावर चार वर्षांत तीच पाळी आली. अर्थात रंगून घ्यायचं ठरवणारे वेगळे आणि रांगेत उभे राहणारे वेगळे, हे दोन्हीकडं सारखंच.

मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत अमेरिकन विमानांनी टोकियोचा पूर्व भाग जाळला. एक लाखाच्या आसपास माणसं मेली. हाच भाग कारागिरांचा, छोट्या दुकानदारांचा, सुशीच्या जन्माचा. ऑगस्टमध्ये शरणागती. कोरिया गेला, तैवान गेलं, तिकडचा तांदूळ गेला. उलट परदेशातले सैनिक आणि वसाहतवाले मिळून साठ लाखांवर माणसं परत मायदेशी येऊ लागली. त्यात १९४५ चं भाताचं पीक बुडालं. रेशन २ गो १ शाकुवर आणलं होतं, तेही वेळेवर मिळेना. तांदळाऐवजी रताळी मिळायची. मे १९४६ मध्ये राजवाड्यासमोरच्या मैदानात अडीच लाख लोक जमले, ‘अन्न द्या’ म्हणत.

काळाबाजार अर्थातच जोरात. आणि काळ्या बाजारातला तांदूळ जायचा कुठं, तर ज्याला गिऱ्हाइकाकडून चढा भाव घेता येतो तिथं, म्हणजे हॉटेलात. म्हणून पंतप्रधान कातायामा तेत्सु यांच्या सरकारनं तो जुलैचा हुकूम काढला. हे समाजवादी पक्षाचं सरकार होतं, हे लक्षात घ्या. हेतू वाईट म्हणता येणार नाही. हॉटेल बंद केलं तर तांदूळ घराकडं वळेल, असा हिशोब. प्रत्यक्षात काय झालं? पुढचं दार बंद झालं आणि मागचं उघडलं. ‘मागच्या दाराचा धंदा’ असा शब्दच जपानीत तेव्हा रुळला. पैसेवाले मागनं आत जात होते, खात होते. ज्याच्याकडं ना ओळख ना पैसा, असा गल्लीतला सुशीवाला मात्र खरोखरच बंद पडला. त्याच्या दुकानाला मुळी मागचं दारच नसायचं.

याच वर्षातली एक गोष्ट सांगतो, सुशीशी तिचा थेट संबंध नाही. यामागुची योशितादा नावाचा तेहतीस वर्षांचा न्यायाधीश टोकियोच्या न्यायालयात काळ्या बाजाराचे खटले चालवायचा. मुलांना खायला घालण्यासाठी चार किलो तांदूळ आणणारी बाई समोर उभी राहिली तर तिला शिक्षा द्यायची, हे त्याचं काम. त्यानं ठरवलं की मी ज्या गुन्ह्यासाठी इतरांना शिक्षा देतो तो घरी करणार नाही. रेशनच्या पलीकडं काही खायचं नाही. त्यातलंही पोरांना आधी. ऑक्टोबर १९४७ मध्ये तो कुपोषणानं मेला. कायद्यात सांगितलेल्या रेशनवर माणूस जगू शकत नाही, हे एका न्यायाधीशानं मरून दाखवलं. तेव्हा पुढं मी सुशीवाल्यांच्या चलाखीचं कौतुक करणार आहे, ते वाचताना हाही माणूस ध्यानात असू द्या.

तर, दुकानं बंद. टोकियोच्या सुशीवाल्यांची संघटना होती. तिचे लोक सरकारी अधिकाऱ्यांकडं खेटे घालायला लागले. आमचा धंदा चालू द्या, अशी विनवणी सगळ्याच धंद्यांचे लोक करत होते, तिचा उपयोग नव्हता. सुशीवाल्यांनी वेगळा मुद्दा काढला. ते म्हणाले, आम्ही जेवण विकतच नाही. गिऱ्हाईक आपल्या रेशनचा तांदूळ घेऊन येईल, आम्ही त्याची सुशी करून देऊ, आणि करणावळ तेवढी घेऊ. हा खानावळीचा धंदा नाही, ही प्रक्रिया आहे.

आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपण दळणाचा डबा घेऊन गिरणीत जातो. गहू आपला, पीठ आपलं, गिरणीवाला दळणावळ घेतो. तो धान्याचा व्यापारी नसतो. शिंपी शिलाई घेतो, कापडाशी त्याचं देणंघेणं नाही. दिवाळीत भट्टीवर आपण रवा-मैदा-तूप देऊन नानकटाई भाजून आणायचो, ते आठवा. टोकियोतल्या सुशीवाल्यानं स्वतःला गिरणीवाला म्हणवून घेतलं आणि अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं.

दर ठरला. गिऱ्हाइकानं एक गो तांदूळ द्यायचा, त्याला दहा नग सुशी मिळणार, निगिरी आणि शेवाळाच्या पापुद्र्यात वळलेल्या वळ्या मिळून. वर करणावळ.

दिवसाच्या अन्नातला एक गो, म्हणजे जवळजवळ अर्धं रेशन. ते पुडीत बांधून माणूस दुकानात जायचा. का जायचा? मी यावर बराच विचार केला. पोट भरायचं तर घरी त्याच तांदळाची पेज करून चार तोंडं भागली असती. पण दोन वर्षं रताळी, कोंडा आणि पेज खाल्लेल्या माणसाला कधीतरी आपण माणसात आहोत असं वाटायला हवं असतं. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी नीट करून, पाटावर मांडून समोर ठेवावं. हे माझं मत, पुराव्याचा कागद माझ्याकडं नाही.

तांदूळ आला तरी मासळी कुठं होती? समुद्रातल्या माशांवरही सरकारी नियंत्रण होतं. मग शिंपल्या, नदीतले मासे, वाळवलेल्या भोपळ्याच्या गोडसर पट्ट्या, अळंबी, असलं जे नियंत्रणाबाहेर राहिलं ते भातावर चढलं. आजचा एखादा खवय्या ते ताट बघून उठून गेला असता.

टोकियोला परवानगी मिळाली म्हटल्यावर इतर जिल्ह्यांतले सुशीवाले आपापल्या अधिकाऱ्यांकडं गेले आणि तोच नमुना पुढं केला. इथं खरी गोम आहे. जपानात सुशी एका तऱ्हेची कधीच नव्हती. ओसाकात लाकडी साच्यात भात आणि मासा थर लावून दाबतात, त्याला हाकोझुशी म्हणतात, खोक्यातली सुशी. क्योटोत मिठात मुरवलेल्या बांगड्याची लांब सुशी. कुठं पानात गुंडाळलेली, कुठं आंबवलेली, सणासुदीला घरोघर करायची परातभर सुशी वेगळीच. पण परवानगी होती ती ‘एक गोला दहा नग’ या हिशोबाला. तो हिशोब टोकियोच्या मुटक्यांचा होता. साच्यातली सुशी कापून विकणाऱ्याला तो कसा बसणार? दुकान चालू ठेवायचं तर मुटके वळायला शिका. ओसाकाच्या आणि इतर गावांच्या सुशीवाल्यांनी पोटासाठी तेच केलं. भूकंपानं जे काम सुरू केलं होतं ते परवान्याच्या कागदानं पुरं केलं. आज जगभर सुशी म्हणजे निगिरी, असं जे झालंय त्याला चवीचं मोठेपण कारण असेलच, पण तेव्हाच्या कचेरीतला एक नियमही कारण आहे. ओसाकातली खोक्यातली सुशी संपली नाही, पण ती मागं पडली ती पडलीच.

संघटनेनं आपल्या माणसांना वाचवलं, यात शंका नाही. टोकियोच्या त्या लोकांनी इतरांची सुशी मारायचा कट केला असंही नाही. त्यांनी आपल्या ओळखीचं माप सांगितलं, एवढंच. पण नियम करताना कुणाचं माप धरलं जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जो आधी कचेरीत पोचतो त्याचं.

दोन-तीन वर्षांत अन्नाची परिस्थिती सुधारली, हुकूम मागं पडला. तांदळाची पुडी न्यायची गरज हळूहळू संपली. रस्त्यावरचे गाडे मात्र परत उभे राहिले नाहीत. स्वच्छता आणि रहदारीच्या नावाखाली प्रशासनानं ते हटवले. गाडेवाला दुकानात शिरला, आणि येताना गाड्याचं फळकूट घेऊन आला म्हणा. सुशीच्या दुकानातला तो लाकडी कट्टा, ज्याच्या अलीकडं गिऱ्हाईक आणि पलीकडं मालक, तो मूळचा गाडाच आहे.

पुढची पंचवीस-तीस वर्षं वस्तीतल्या दुकानाची. आठ-दहा माणसांचा कट्टा, दारावर नाव लिहिलेला कापडी पडदा. त्याला नोरेन म्हणतात. जुन्या कारागिरानं दहा वर्षं राबणूक केली की मालक त्याला त्याच नावाचा पडदा लावून दुसऱ्या वस्तीत दुकान टाकायची मुभा द्यायचा. भांडवल नव्हे, नाव वाटून द्यायचं. मालक पहाटे त्सुकिजीला जाऊन मासळी आणणार, बायको हिशोब आणि चहा बघणार, शिकाऊ पोरगा सायकलवर घरपोच नेणार. कुणाकडं पाहुणा आला की फोन जायचा. लाखेच्या गोल परातीत सुशी यायची. खाऊन झालं की परात धुऊन दाराबाहेर ठेवायची, दुसऱ्या दिवशी पोरगा घेऊन जायचा. धुऊन ठेवायची हा न लिहिलेला करार. बारसं, परीक्षेचा निकाल, सगळ्याला सुशी. माणूस गेल्यावर रात्री जागायला आलेल्यांनाही सुशीच. सुतकात मासे म्हटल्यावर आपल्याकडच्या थोरांच्या भुवया चढतील, आणि तिकडंही पूर्वी सुतकात शाकाहारच होता, पण रीत बदलली.

या दुकानांची एक आपापसातली भाषा आहे. आलं म्हणजे गारी, सोया सॉस म्हणजे जांभळा, शेवटचा चहा म्हणजे आगारी. आणि भाताला म्हणतात शारी. बुद्धाच्या अस्थींना जपानीत शारी म्हणतात, तो आपला संस्कृतातला ‘शरीर’ शब्द, चीनमार्गे गेलेला. पांढरे बारीक दाणे अस्थींसारखे दिसतात म्हणून तांदळाला ते नाव पडलं, असं तिकडं सांगतात. टोकियोच्या गल्लीतला माणूस ‘शारी कमी घाल’ म्हणतो तेव्हा तो नकळत आपला शब्द बोलत असतो.

सगळं गोड नव्हतं. या दुकानांत पोरं वर्षानुवर्षं भांडी घासत राहायची, हातात सुरी मिळायला काळ लागायचा. बायकांचे हात गरम असतात, त्यांनी सुशी वळली तर मासा बिघडतो, असली थाप मारून बायकांना कट्ट्याच्या पलीकडं येऊ दिलं नाही. आणि दुसरं म्हणजे भाव. भिंतीवर पाट्या असायच्या त्यात भारी माशापुढं आकडाच नाही, नुसतं ‘चालू भाव’. खाऊन झाल्यावर मालक मनातल्या मनात बेरीज करून आकडा सांगणार. ओळखीच्याला एक, अनोळख्याला एक. नवखा माणूस दारातला पडदा बाजूला करायलाच घाबरायचा.

ही भीती ओसाकाकडच्या एका माणसानं बरोबर हेरली. शिराइशी योशिआकी. साधं उभ्यानं खायचं सुशीचं दुकान, गर्दी भरपूर, हाताखाली माणसं मिळत नाहीत. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या सरकताना त्यानं बघितल्या आणि डोक्यात घेतलं. बरेच प्रयोग करून १९५८ मध्ये त्यानं फिरत्या पट्ट्याचं दुकान उघडलं. पट्ट्याचा वेग सेकंदाला ८ सेंटिमीटर. जास्त झाला तर मासा वाळतो, कमी झाला तर गिऱ्हाईक कंटाळतं. १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, १९७८ च्या सुमारास त्याचा एकाधिकार संपला आणि मग कंपन्या उतरल्या. १९८१ मध्ये मुटके वळणारं यंत्रही आलं. आता बशीवर भाव लिहिलेला, बश्या मोजा आणि पैसे द्या. बायको-पोरांना घेऊन ताठ मानेनं जाता येऊ लागलं. ज्या कष्टकऱ्यासाठी ८ मोनची सुशी निघाली होती तो पुन्हा सुशी खायला लागला, हे शिराइशीचं श्रेय आहे. पट्ट्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्या बिनआकड्याच्या पाट्या आठवाव्यात.

पण मार बसला तो वस्तीतल्या दुकानाला. खाली १०० येनची बशी, वर गिन्झातले दहा खुर्च्यांचे दरबार. २००७ मध्ये मिशेलिनवाल्यांनी टोकियोतल्या सुशीच्या दुकानांना तीन-तीन तारे दिले आणि तिथं जागा मिळणं मुश्कील झालं. मधला कोण? साधा मालक, साधी मासळी, शेजारचं गिऱ्हाईक. सुशी आता सुपरमार्केटात खोक्यात मिळते. साखळी दुकानं मासळी थेट आणि घाऊक उचलतात, तर हा म्हातारा पहाटे उठून दलालाकडून चार किलो घेणार. २०१८ मध्ये त्सुकिजीचा घाऊक बाजार हलवून तोयोसुला नेला, तेव्हा वाढत्या वयात नवी पायपीट नको म्हणून दुकानं आवरणारे व्यापारीही होते.

पोरं नोकरीला लागली. पहाटे चारला उठायची त्यांची तयारी नाही आणि बापही आग्रह करत नाही. त्यानंच तर त्यांना त्यासाठी शिकवलं. दुकानाची जागा मोक्याची असते, म्हणून दुकान बंद झाल्यावर इमारत पाडतात आणि पुष्कळदा तिथं नाणी टाकून गाडी लावायचं पार्किंग होतं. चार गाड्या मावतात, कधी सहा.

जी दुकानं उरलीत त्यांत आजही एका माणसाचं ताट मागवलं की साधारण सात ते दहा नग येतात. त्या आकड्याचं मूळ एक गो तांदळाच्या त्या जुन्या हिशोबात आहे असं सुशीवालेच सांगतात. ताटांना सरू, मध्यम, भारी असं न म्हणता पाइन, बांबू आणि प्लम अशी झाडांची नावं असतात, म्हणजे स्वस्तातलं मागवणाऱ्याला चारचौघांत ओशाळायला नको. आणि फोन केला तर काही ठिकाणी अजून लाखेच्या परातीतच येतं, दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः सायकलवर येऊन दाराबाहेरची धुतलेली परात घेऊन जातो.